कोरड्या गावचा उस्ताद

केवळाबाईला नवऱ्याचा हेवा वाटायचा. सवतीचा नाही, जावेचा नाही, शेजारणीच्या पाटल्यांचा नाही. खुद्द लग्नाच्या नवऱ्याचा. आता असं दुखणं कोणाला सांगायचं? सांगितलं असतं तर लोकांनी तिला राणीसावरगावच्या देवीला नेऊन अंगारा लावला असता. म्हणून ती गप्प राहायची, आणि गप्प राहून जळायची.

तिचं माहेर गंगेकाठचं. तिकडे गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. उन्हाळ्यात पलीकडच्या वाळवंटात टरबुजाच्या वाड्या लागायच्या. लहानगी केवळा कासोटा मारून गंगा ओलांडायची आणि येताना एक टरबूज पाण्यातून पुढे ढकलत आणायची. तिच्या आईनं तिला चालण्याआधी पोहायला शिकवलं असं तिकडे म्हणत. पण बापानं सोयरिक बघताना जमीन बघितली, घर बघितलं, बैलं बघितली. पाणी काही बघितलं नाही. चौदाव्या वर्षी केवळा खडकवाडीला आली. राणीसावरगावापासून दोन कोस वर, डोंगराच्या खांद्यावर बसलेलं गाव. प्यायला एक आड, आणि उन्हाळ्यात त्याच्या तळाला दोर पुरायचा नाही. पुढची सोळा वर्षं तिचं अंग भिजलं ते तांब्यानं; माहेरी गेली तरी नांदत्या लेकीनं गंगेत उतरायचं नाही, अशी रीत.

नवरा मुंजाजी. माणूस वाईट नव्हता, पण गावात त्याला किंमत नव्हती. पंगतीत शेवटून दुसरा बसायचा, पारावर बोलायला तोंड उघडलं की कोणी तरी आधीच बोललेलं असायचं. सासुरवाडीला गेला की ओसरीवर आडवा व्हायचा आणि जेवण कधी वाढतात याची वाट बघायचा. गंगेकडे फिरकायचासुद्धा नाही. गुडघ्याच्या वर पाणी आलं की त्याला देव आठवायचा.

आता अशा माणसाचा हेवा कसा वाटावा? सांगतो.

निजामाच्या राज्यात फसली तेराशे शेहेचाळीस साली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सदतीसच्या सुमारास, गावचे मोठे कास्तकार आबासाहेब यांच्या पुतणीचं लग्न निघालं. वऱ्हाड ताडकळसचं. लग्नाच्या सकाळी वऱ्हाडातल्या पोरांनी आपल्याकडच्या रीतीप्रमाणे विचारलं, नवरदेवाला पोहायला कुठं न्यायचं? गावानं आडाच्या पाण्यानं भरलेल्या दोन घागरी आणून ठेवल्या. ताडकळसची पोरं हसून हसून मांडवात लोळली. त्यातला एक म्हणाला, "खडकवाडीची माणसं तांब्यातच पोहतेत वाटतं." झालं. पंधरा दिवसांत ते वाक्य राणीसावरगावच्या बाजारात पोचलं. खडकवाडीचा माणूस मिरच्या घ्यायला बसला तरी बागवान विचारायचा, तांब्या आणला का?

आबासाहेबांना ते फार लागलं. त्यांनी गाव पारावर जमवलं आणि सांगितलं, गावाबाहेरची पडकी बारव उकरायची. तिचा गाळ काढायचा, पायऱ्या बसवायच्या आणि गावाला पोहायला शिकवायचं. तालीम काढायची तर तालुक्याची इजाजत लागायची, दहा जण एका जागी कशाला जमतात म्हणून विचारणा व्हायची. गाळ काढायला कोण अडवणार? अकरा घरं पुढे आली. ती अकरा घरं म्हणजे मेंबर. प्रत्येक मेंबरानं वीस दिवस घरच्या माणसांनिशी खपायचं आणि डोंगरातून एक दगड आणून, घडवून, आपली पायरी आपण बसवायची. नाव ठरलं पोहणी मंडळी. पोहता मात्र एकालाही येत नव्हतं.

हे लक्षात आलं सगळ्यात शेवटी. आबासाहेबांनी विचारलं, "पर शिकवणार कोण? उस्ताद पायजे की."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. धनगराचा येडबा मेंढरं घेऊन चार गावं फिरलेला, म्हणून त्याच्या शब्दाला वजन. तो विचार करून म्हणाला, "मुंजाजीची सासुरवाडी गंगेकाठची हाय."

"मग?"

"मग काय? धोंड्याला जातोय, दिवाळीला जातोय. गंगेकाठी जावई आठ आठ दिस ऱ्हातोय आन् त्याला पोहायला येत न्हाई, असं व्हईल का?"

ते सगळ्यांना पटलं. ज्याची सासुरवाडी गंगेकाठची, त्याला पोहता येणारच. ज्यांनी जन्मात कमरेएवढं पाणी बघितलं नाही त्यांना हा हिशेब चोख वाटला. ज्याची बायको गंगेकाठची, तिला काय येतं, हे विचारायचं मात्र अकरा घरांत एकालाही सुचलं नाही.

मुंजाजीनं 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात आबासाहेब सरकून बसले आणि म्हणाले, "या मुंजाजीराव, असं म्होरं बसा." मुंजाजीराव. जन्मात पहिल्यांदा त्याच्या नावाला 'राव' लागला. तो पुढे जाऊन बसला आणि डोक्यावर गुलाबी फेटा घेऊन घरी आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं दाराला आतून कडी घातली. केवळाबाईला वाटलं, काही तरी चोरून आणलंय.

"केवळे," तो म्हणाला, "मला पोहायला शिकव."

"कुठं? चुलीत?"

"हितंच. बाजंवर."

त्यानं सगळं सांगितलं. ती हसली नाही. तिला हसू यायला हवं होतं. बारव भरणार. पाणी येणार. आणि त्या पाण्याचा उस्ताद हा! पण बाई नवऱ्याची अब्रू उघड्यावर कशी टाकणार? तिनं त्याला बाजेवर पालथा घातला. पोटाखाली ज्वारीचं अर्धं पोतं सरकवलं, हात कसे मारायचे ते दाखवलं, आणि पाय वाकडे पडले की लाटण्यानं घोट्यावर टोला दिला. बाज कुरकुरायची. शेजारच्या कासाबाईला वाटलं, मुंजाजीच्या पाठीत उसण भरली आणि केवळा चोळून देतेय. तिनं भिंतीवरून एरंडेल तेल दिलं.

उन्हाळाभर बारव उकरणं चाललं. पुरुष खणायचे, बाया गाळाच्या टोपल्या वाहायच्या. केवळाबाईनं वीसच्या जागी बावीस दिवस टोपल्या वाहिल्या. खालून ओलसर माती लागली, तिचा वास आला आणि तिच्या अंगावर काटा आला. गंगेच्या पात्रातल्या चिखलाचा वास तसाच. ती टोपली डोक्यावर तशीच ठेवून उभी राहिली, तर मागून मुंजाजी ओरडला, "चला, चला, हात हलवा." फेटा बांधल्यापासून त्याचा आवाज वाढला होता.

आषाढात पहिले झरे फुटले. कमरेएवढं पाणी झालं तशी पोहणी मंडळी पाण्यात उतरली. पाठीला वाळले भोपळे बांधून दहा बाप्ये गरगरा फिरायचे. मुंजाजी पाण्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून शिकवायचा. स्वतः उतरायचा नाही. उस्तादानं काठावर उभं राहून नजर ठेवायची असते, असं त्यानं ठोकून दिलं होतं आणि लोकांनी मानलं होतं.

केवळाबाई आडावर जाताना मुद्दाम वाट वाकडी करायची. एकदा तिनं ऐकलं, मुंजाजी सांगत होता, "पाण्याशी भांडू नगा. पाण्याला रेटा न्हाई द्यायचा, पाण्याला बाजूला सारायचं, दार उघडल्यावाणी." तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते तिच्या आईचं वाक्य होतं. आईनं गंगेत उभं राहून, तिच्या हनुवटीखाली हात धरून सांगितलेलं. काल दुपारी तिनं ते बाजेवर सांगितलं आणि आज हा ते उस्तादाच्या ऐटीत वाटून टाकत होता. येडबा म्हणाला, "वा उस्ताद, काय बोललात." मुंजाजीनं मिशीवरून हात फिरवला.

त्या संध्याकाळी तिनं भाकरी करपवली. तिला सगळ्यांचाच हेवा वाटायला लागला होता. मुंजाजीचा तर होताच. पण भिजून घरी जाणाऱ्या दहा जणांचा, त्यांच्या ओल्या धोतरांचा, इतकंच काय, त्या भोपळ्यांचासुद्धा. भोपळ्याला काय येतं? तरी तो पाण्यात, आणि ती काठावर.

एकदा तिनं धीर करून विचारलं, "बायांनी कवा उतरायचं? आमी बी टोपल्या वाहिल्यात."

मुंजाजीनं आबासाहेबांना विचारलं की नाही देव जाणे. येऊन म्हणाला, "बायांनी न्हाई उतरायचं. मंडळीनं ठरीवलंय."

"मंडळीनं ठरीवलं का उस्तादानं?"

 तो बाजेवर पालथा पडला आणि म्हणाला, "बरं, उद्याचं काय ते सांग."

श्रावणात पाऊस लागून राहिला. बारवेत दोन पुरुष पाणी झालं. आबासाहेबांनी ठरवलं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, बारवेचा सोहळा करायचा. ताडकळसच्या सोयऱ्यांना मुद्दाम सांगावा धाडायचा. आणि सगळ्यांत आधी उस्ताद वरच्या कठड्यावरून उडी घेणार, भोपळ्याशिवाय.

मुंजाजीचं तोंड सुकलं. पोळ्याच्या आदल्या दुपारी त्यानं केवळाबाईला विचारलं, "हात कळलं, पाय कळलं. उडी मारल्यावर खाली जातंय माणूस. मग वर कसं यायचं?"

केवळाबाई पुरणाची डाळ निवडत होती. काय सांगायचं ते तिला पक्कं माहीत होतं. उडी मारण्याआधी छातीभर दम घ्यायचा, तोंड मिटायचं, खाली गेल्यावर घाबरून तोंड उघडायचं नाही, हातपाय झाडायचे नाहीत. अंग सैल सोडलं की पाणीच माणसाला वर लोटतं. एवढंच. चार वाक्यं. तिनं डाळीतला एक खडा काढला.

"येतंय आपसूक," ती म्हणाली.

खोटं नव्हतं ते. पण पुरतंही नव्हतं. सगळं दिलं ह्याला, तिच्या मनात आलं, आईचे शब्दसुद्धा दिले. एवढं एक माझ्यापाशी राहू दे. पडू दे तोंडावर एकदा, कळू दे गावाला. ती मुद्दाम बोलली नाही, हे तिनं स्वतःपासूनही लपवलं नाही.

करीच्या दिवशी बारवेभोवती जत्रा जमली. ताडकळसचे पाव्हणे मानाच्या जागी सतरंजीवर बसले. बाया एका बाजूला, त्यांच्यात पुढे केवळाबाई आणि कासाबाई. हलगी वाजली. मुंजाजीनं फेटा काढून आबासाहेबांच्या हातात दिला, कठड्यावर चढला, एकदा बायांच्या बाजूला बघितलं आणि उडी घेतली. घेतली म्हणजे काय, पोतं पडावं तसा पडला.

पाणी उसळलं, मिटलं. चार बुडबुडे आले.

"दम बघा, दम," येडबा पाव्हण्यांना म्हणाला. "आमचं उस्ताद असंच. पाण्याखाली बसूनच ऱ्हातंय."

पाव्हणे कौतुकानं पुढे वाकले. कोणी तरी मोजायला लागलं. अख्ख्या गर्दीत एकटीला ठाऊक होतं की तो दम धरून बसलेला नाही. आणि इथं खरं ते सांगायला हवं. पहिल्यांदा केवळाबाईला बरं वाटलं. आतून, गार, बरं वाटलं. बस आता खाली, तिच्या मनात आलं, घे पाणी, तुला पायजे होतं ना पाणी. पाच मोजून झाले, सहा, सात. मग बुडबुडे थांबले.

तिनं पदर खोचला, कासोटा आवळला आणि जिथं उभी होती तिथूनच सूर मारला. कासाबाई किंचाळली. केवळाबाईला ते ऐकू आलं नाही. पाणी कानावर मिटलं, सोळा वर्षांनी, आणि तेवढ्यातही तिच्या अंगाला ते ओळखीचं वाटलं. तळाशी हात फिरवला, शेंडी हाताला लागली. तिनं त्याला शेंडीनं ओढत वर आणला, पायरीवर पालथा घातला आणि पाठीत दोन्ही हातांनी दाबलं. मुंजाजीनं बारवेतलं पाणी बारवेला परत केलं आणि खोकायला लागला.

 ताडकळसचे पाव्हणे एकमेकांकडे बघत होते, आणि गावाची लाज पुन्हा एकदा वेशीवर टांगायची वेळ आली होती. आबासाहेब मुरलेले. त्यांनी घसा खाकरला.

"बघितलंत पाव्हणे?" ते म्हणाले. "बुडणारा माणूस कसा काढावा, त्ये बी उस्तादानं दाखीवलं. जीव पाण्यात घालून. आन् घरच्या बाईमाणसाला सुद्धा काय तयार केलंय बघा."

पाव्हण्यांनी टाळ्या वाजवल्या. "वा उस्ताद. बायकोला बी शिकवलं. आमच्या गावात असं न्हाई."

केवळाबाई पायरीवर बसली होती, लुगड्यातून पाणी निथळत होतं. तिला वाटलं, आता आपण ओरडणार. गंगा त्याची झाली, आई त्याची झाली, आणि आता तिचं स्वतःचं पोहणंही त्यानंच दिलेलं झालं. नवऱ्याला तळातून काढला तर तोसुद्धा नवऱ्याचाच पराक्रम. तिनं तोंड उघडलं.

पण मुंजाजी आधी बोलला. खोकत खोकत, पालथ्याचा उताणा होऊन.

"न्हाई आबासाहेब. मला पोहता येत न्हाई. कवाच येत नव्हतं. हिनं बाजंवर शिकवलं आन् त्येच मी तुमास्नी सांगत आलो. उस्ताद ही हाय."

आधी कोणी तरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले, पाव्हणेसुद्धा, पण आता त्या हसण्यात विष नव्हतं. येडबा स्वतःच्या कपाळावर हात मारत होता. आणि ताडकळसचा सगळ्यात वडीलधारा सोयरा उठून म्हणाला, "चारचौघांत खरं बोलायला छाती लागती. लय मोठा माणूस." सगळ्यांनी माना डोलावल्या. केवळाबाईनं कपाळावरचे केस मागे सारले. पुन्हा तोच मोठा. खरं बोलून मोठा. तिला त्याचाही हेवा वाटला, इतका की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बारवेच्या पाण्यात मिसळून गेलं म्हणून कोणाला दिसलं नाही.

पुढे मंडळीपुढं पेच पडला, की फेटा बाईच्या डोक्याला कसा बांधायचा. त्यावर दोन बैठका झाल्या. शेवटी असं ठरलं की फेटा मुंजाजीच्या डोक्यावर राहील आणि शब्द केवळाबाईचा चालेल. आणि दुपारचा वेळ बायांचा. कासाबाई पहिली उतरली. पोलीस ॲक्शनच्या सालापर्यंत केवळाबाईनं खडकवाडीच्या निम्म्या गावाला पोहायला शिकवलं. माणूस हातपाय मारायला शिकण्याआधी ती त्याला वर कसं यायचं ते शिकवायची. असं उलटं का, हे कोणी विचारलं की दुसऱ्या कामाला लागायची. जळण्याची खोड तिची काही गेली नाही. येडबाची सून तिच्यापेक्षा लांब सूर मारायला लागली, तर ही चार दिवस तिच्याशी बोलली नव्हती.

पण हे सगळं नंतरचं. त्या करीच्या दिवशी सोहळा उरकला, पाव्हणे पुरणपोळी जेवून गेले, आणि ऊन उतरता उतरता दोघं घरी आली. मुंजाजी भिंतीला टेकून बसला. तिनं त्याला हळद घालून ऊन दूध दिलं. तो ते फुंकत फुंकत पीत होता.

"येडबा सांगत व्हता," तो म्हणाला, "पोहणारा माणूस आधी दम धरतोय. मेंढरू बी धरतंय म्हणं. तू त्ये सांगितलं न्हाईस. इसरलीस का?"

त्यानं शब्द आयता दिला होता. तिनं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"न्हाई," ती म्हणाली. "इसरले न्हाई."

त्यानं दुधावरची साय बोटानं बाजूला सारली. तिला वाटलं, आता हा उठेल, मारेल, नाही तर घर सोडून जा म्हणेल. काहीही म्हणाला असता तरी तिनं ऐकून घेतलं असतं.

"मला वाटलंच व्हतं," मुंजाजी म्हणाला. "डाळ निवडताना तू माझ्याकडं बघितलं न्हाईस."

"मग उडी कामून मारली?"

त्याला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "आता," तो म्हणाला, "तू व्हतीस की तिथं."

केवळाबाईनं त्याच्या हातातला पेला घेतला आणि घासायला बाहेर नेला. पाण्याखाली तो किती वेळ होता हे सगळ्या गावाला ठाऊक झालं होतं. त्यातले पहिले सात आकडे तिनं काय करून घालवले, ते तिनं त्याला कधीच सांगितलं नाही.